गवताचा डाग

आमच्या लॉन्ड्रीत कपडे टाकायला आलेल्या माणसाला मालकीणबाई एकच प्रश्न विचारायच्या. "कशाचा आहे?" डाग कुणी पाडला, कुणाच्या घरी पाडला, पाडताना कोण काय म्हणालं, यातलं काही त्यांना नको असायचं. गिऱ्हाईक मात्र हटकून तीच कहाणी लावायचं. "अहो, आमच्या मेव्हण्यांना हजारदा सांगितलं..." इतकं होतंय तोवर बाईंचा हात वर. "कुणी ते घरी विचारा. मला कशाचा तेवढं सांगा."

मी त्यांच्याकडे इस्त्रीवर आहे. इतकी वर्षं झाली, की मला माणसांची नावं आठवत नाहीत, कॉलरी आठवतात. स्वभावाने मी जरा तिरसट आहे असं लोक म्हणतात. दिवसभर उभं राहून दुसऱ्यांच्या सुरकुत्या घालवायच्या म्हटल्यावर माणूस गोड कसा राहणार, ते त्यांनीच सांगावं. पण बाईंचं ते 'कुणी ते घरी विचारा' मला पहिल्या दिवसापासून पटलं. त्यामागे कारण होतं. बाई म्हणायच्या, 'कुणी' विचारलं की माणूस आधी खोटं बोलतो, आणि मग डागही खोटाच सांगतो.

एकदा एक रुबाबदार गृहस्थ उशीचा अभ्रा घेऊन आले. त्यावर काळा डाग. म्हणाले, "शाई आहे." बाईंनी अभ्र्याकडे पाहिलं, मग त्यांच्या काळ्याभोर केसांकडे पाहिलं. "शाईच ना? नक्की?" "नक्की." झालं. शाईचा इलाज केला आणि डाग अभ्राभर पसरला. पुढच्या खेपेला गृहस्थ दुकान रिकामं होईपर्यंत समोरच्या फुटपाथवर घुटमळत राहिले, मग आत येऊन हळूच म्हणाले, "रंग आहे. केसांचा." बाई म्हणाल्या, "हे आधी बोलला असतात तर अभ्रा वाचला असता. आणि चांगले दिसतात हो केस." तेव्हापासून ते दुसऱ्या कुठल्याच लॉन्ड्रीत गेले नाहीत.

तर अशा या आमच्या मालकीणबाई. आवाज खणखणीत, हात साबणाने कायमचे पांढुरके, आणि पायांना स्वस्थता म्हणून नाही. जेवायच्याही उभ्यानेच. नवरा गेल्यावर दुकान त्यांनी एकटीने ओढलं, मुलाला मोठं केलं, आणि मग गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा किल्ल्या सूनबाईंच्या हातात दिल्या. मुलाच्या नाही, सूनबाईंच्या. मुलगा भला माणूस आहे, कपडे पोचवायची गाडी तो झकास चालवतो, पण गिऱ्हाईकाने डोळे वटारले की तो पैसे न घेता परत येतो. सूनबाईंचं काम चोख. त्यांनी मोठं मशीन आणलं, प्रत्येक कपड्याला चिठ्ठी लावायची पद्धत आणली, मला म्हाताऱ्याला नवी इस्त्री आणली. आणि स्टेशनजवळच्या एका मोठ्या लॉजच्या पायऱ्या झिजवून झिजवून तिथल्या चादरींचं काम मिळवलं. दुकानाच्या उभ्या आयुष्यातलं ते पहिलं मोठं काम.

किल्ल्या दिल्या खऱ्या, पण बाईंना घरी करमेना. रोज सकाळी येऊन त्या कपडे निवडत बसायच्या. अशाच एकदा निवडता निवडता थांबल्या आणि मला म्हणाल्या, "काय रे, गवताचा डाग काढून किती वर्षं झाली असतील?"

मी म्हटलं, "सुटलो म्हणा. जाता जायचा नाही तो."

"तसं नाही. आठवून बघ. पूर्वी लहान मुलांच्या कपड्यांना काय नसायचं? गवत, चिखल, पत्र्याचा गंज, झाडाचा चीक. आता बघ. सॉस. पेनाची शाई. पुन्हा सॉस." असं म्हणत त्यांनी एक गणवेश उजेडात धरला, उलटला, पुन्हा सुलटला. एका शिक्षिकेच्या मुलीचा होता तो. त्यावर काहीच नव्हतं. "या पोरीला बरं नसतं का रे?"

संध्याकाळी शिक्षिका कपडे न्यायला आल्या तर बाईंनी सरळ विचारलं, "मुलगी आजारी असते का हो तुमची?"

त्या बिचाऱ्या घाबरल्या. "नाही. का बरं?"

"आठवड्याचा गणवेश आणि गुडघे कोरे. असं निरोगी मुलाचं होत नाही."

शिक्षिका आधी हसल्या. मग हसू ओसरलं. म्हणाल्या, "शाळेतून क्लासला, क्लासमधून घरी. ती पडणार कधी आणि गुडघे मळणार कधी?"

"रविवारी सकाळी माझ्याकडे पाठवा," बाई म्हणाल्या. "मळवून देते."

आमच्या दुकानामागे कपडे वाळत घालायचं अंगण आहे. अंगणाच्या मागच्या फाटकातून उतरलं की ओढा. फार तर पोटरीपर्यंत पाणी, तळाचे गोटे मोजून घ्यावेत असं. तिथे त्या रविवारी ती कोऱ्या गुडघ्यांची मुलगी आणि बाईंची नात अशा दोघीच गेल्या. नातीने जाताच तिचं नाव 'कोरी' ठेवलं, ते तिला चिकटलं ते चिकटलंच. महिन्याभरात दहा-बारा पोरं झाली. ती सगळी बाईंना 'डागआजी' म्हणायला लागली.

आता लॉन्ड्रीवाल्या बाईने गावातली पोरं मळवायला सुरुवात केल्यावर लोक गप्प बसतील का? "धंदा बरा चाललाय. आजी मळवणार, सून धुणार," असं समोरच्या दुकानदाराने मला ऐकवलंच. मी त्याला म्हटलं, "तुमचा एकच शर्ट तुम्ही आठवडाभर घालता, तुम्ही काळजी करू नका." पण बाईंनी त्यावर आधीच तोड काढली होती. दुकानात एक जुनी पत्र्याची ट्रंक होती. वर्षानुवर्षं कुणी न नेलेले कपडे तिच्यात पडून होते. बाईंनी त्यांच्या बाह्या कापल्या आणि तेच झाले ओढ्याचे कपडे. पोरं आली की घरचे कपडे काढून खुंटीला, आणि अंगात कुणाचा तरी भलामोठा शर्ट. दर रविवारी माझ्या टेबलासमोरून रेघारेघांच्या, चौकडीच्या, कडक कॉलरींच्या बुटक्या साहेबांची वरात फाटकाकडे जायची. एकदा दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाने एका पोराच्या अंगातला शर्ट ओळखला. "हा माझा आहे." बाई म्हणाल्या, "पावती?" तेवढ्यात ते पोर निथळत पुढे आलं आणि शर्टाची बटणं काढायला लागलं. "घ्या काका." गृहस्थ मागे सरकले. म्हणाले, "राहू दे, राहू दे. मला तसाही तो घट्ट व्हायचा."

तिथे काय चालायचं ते मला इस्त्रीच्या टेबलाजवळच्या खिडकीतून दिसायचं. मी काही मुद्दाम बघायचो नाही. खिडकी आहे तिथे आहे. पानांच्या होड्या सोडायच्या, आणि आपली होडी अडकली तरी हात लावायचा नाही, फुंकर चालेल. गोटा उलटून खालचे किडे बघायचे आणि गोटा होता तसाच परत ठेवायचा. "दुसऱ्याच्या घराचं छप्पर आहे ते," बाई ओरडायच्या. चिखलाने झाडाच्या बुंध्यांना नाक, डोळे, मिश्या काढायच्या. एका बुंध्याचा चेहरा सगळ्यांच्या मते माझ्यासारखा झाला होता. मला तसं काही वाटलं नाही.

पण सगळ्यांचा आवडता खेळ म्हणजे 'गढूळ-नितळ'. सगळ्यांनी पाण्यात गोल उभं राहायचं आणि "गढूळ" म्हटलं की पायांनी तळ असा घुसळायचा, की स्वतःची पावलं दिसेनाशी झाली पाहिजेत. मग "नितळ" म्हटलं की पुतळा. हलायचं नाही, बोलायचं नाही. गाळ खाली बसत जातो, पाणी हळूहळू उघडतं, आणि ज्याला आपली बोटं आधी दिसतील तो जिंकला. जो हलेल त्याचं पाणी पुन्हा गढूळ. कोरी हा खेळ नेहमी जिंकायची. आणि नेहमी हरायच्या कोण, तर बाई. आयुष्यात कधी स्वस्थ उभ्या राहिल्या असतील तर ना.

शेवटचा खेळ बांधाचा. दगड, काटक्या, चिखल घालून ओढा अडवायचा. त्याला मात्र एक नियम होता आणि तो सूनबाईंचा होता. ओढ्याच्या वळणावरून एक जुनी चर निघते, ती सरळ आमच्या अंगणात येते. एरवी कोरडी, पालापाचोळ्याने भरलेली. पण ओढा तुंबला की पाणी तिच्यात घुसणार. म्हणून सूनबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आई, निघण्याआधी बांध मोडायचा. खेळा हवं तेवढं, माझी मुलगीही जाऊ दे, पण दुकानाला एकदा जरी नडलं तर रविवार बंद." त्या उगाच बोलत नाहीत. बाईंनीही मान डोलावली होती. त्या रविवारांवर त्यांचा केवढा जीव होता, ते मला माहीत होतं. शनिवारी संध्याकाळपासूनच त्या आभाळाकडे बघत राहायच्या.

आणि मग तो रविवार आला. लॉजच्या चादरी सकाळी धुऊन अंगणात वाळत घातल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, दोऱ्यांच्या रांगाच्या रांगा. सोमवारी सकाळी त्या पोचवायच्या होत्या. ओढ्यावर त्या दिवशी पोरांनी असा बांध घातला, की मीही इस्त्री उभी करून खिडकीशी गेलो. कोरी आजवर बोटांच्या टोकांनी चिखल उचलायची. त्या दिवशी ती कोपरापर्यंत हात बरबटून, जीभ दातांत धरून, दगडांच्या फटी लिंपत होती. शेवटची फट तिने बुजवली आणि पाणी थांबलं. कोरीने डागआजींकडे वर पाहून विचारलं, "उद्यापर्यंत राहील का हा?"

आता हिला कोण कसं सांगणार, की लाथ मार आणि मोड? बाईंना नाही जमलं. म्हणाल्या, "जेवून या सगळी. संध्याकाळी मोडू."

दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. मी पहिला घास घेतला असेन नसेन, मागे कडाड आवाज झाला. जाऊन बघतो तर अंगणात पाणी. फार नाही, घोट्याएवढंसुद्धा नाही, पण दोऱ्यांना दिलेल्या लाकडी टेकूंच्या खालची जमीन भिजून मऊ झाली होती. मधला टेकू कलला होता, त्याच्या ओढीने शेजारचे गेले होते, आणि लॉजच्या झाडून सगळ्या चादरी चिखलात पसरल्या होत्या. सूनबाई दारात उभ्या राहिल्या.

बाई तशाच चिखलातून फाटकाकडे पळाल्या. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी, हो, पळाल्याच. ओढ्यात उतरून त्यांनी दोन हातांनी बांध फोडला. तोवर नातीने गल्लीत बोभाटा केला होता. एकेक पोर भरल्या तोंडाने अंगणाच्या दारात येऊन उभं राहिलं. कोरी आली, तिची आई आली. बाई परतल्या, कमरेपर्यंत भिजलेल्या, आणि सुनेसमोर येऊन थांबल्या.

आधी कोरीच बोलली. रडवेली होऊन म्हणाली, "मी केलं. शेवटची फट मी बुजवली." नात म्हणाली, "मोठे दगड मी आणले." मग सगळ्यांनाच कंठ फुटला. काटक्या मी, चिखल मी, कल्पना माझी. बाईंनी सगळ्यांना गप्प केलं. "अगं, यांचं ऐकू नकोस. कुणी केलं ते मी सांगते. मोडू नका असं..."

सूनबाईंनी हात वर केला. अगदी बाई करायच्या तसा.

"कुणी ते घरी बघू, आई. कशाचा आहे तेवढं सांगा."

मी इतकी वर्षं ते वाक्य ऐकलं होतं, पण बाईंनाच ऐकवलेलं पहिल्यांदा. उत्तर दिलं नातीने. "चिखल."

"ते मलाही दिसतंय. कुठला? पिवळा की काळा?"

हा प्रश्न उगाच नव्हता. पिवळी माती वाळू द्यायची असते. ओली चोळली की धाग्यात शिरते, वाळली की झटकून जाते. पण चरीतून आलेला काळा चिखल म्हणजे कुजलेल्या पानांचा रस. तो वाळला की मेला, तपकिरी छाप कायमची. त्याला लगेच गार पाणी हवं. आणि चादरींवर दोन्ही होते, एकमेकांत कालवलेले, वरून सगळे सारखेच मळके.

पोरांना ते सांगावं लागलं नाही. पिवळ्या मातीने ती बुंध्याला नाक लावायची आणि काळ्याने मिश्या काढायची, दर रविवारी. कोरी वाकली, एका चादरीवरचा चिखल बोटांत चोळून बघितला. "पिवळा." दुसरी. "काळा. खरखरत नाही, आणि वास येतो." बाकीची पोरं पसरली. पिवळ्याच्या चादरी आम्ही टेकू ठोकून तशाच पुन्हा उन्हात चढवल्या. काळ्याच्या निघाल्या त्या मशीनमध्ये मावेनात. मग सूनबाईंनी जुनी मोठी टबं बाहेर ओढली, नळ सोडला, आणि पोरांना म्हणाल्या, "आधी पाय धुवा. बोटांच्या फटीसुद्धा. मग शिरा आत."

पुढचा तास मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक टबात तीन-तीन पोरं चादरी तुडवत होती, नात "गढूळ, गढूळ" ओरडत होती आणि पाणी खरोखर गढूळ होऊन वाहत होतं. कोरीची आई बाहेर टाकलेल्या चादरी पिळत होती. सूनबाईंनी पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि एका टबात त्याही उतरल्या. बाई वाळलेल्या चादरींवरची पिवळी माती ब्रशने झटकत होत्या आणि ओरडत होत्या, "उभा ब्रश मारा, आडवा नको." कुणी आडवा मारत नव्हतं. एकटा मुलगाच नुसता उभा होता. त्याला बाईंनी लॉजवर फोन करून उशीर होईल असं सांगायला लावलं. तो फोनवर इतका नम्र झाला, की पलीकडच्याने त्यालाच धीर दिला असावा.

पाणी पाचव्या-सहाव्या वेळेला बदललं तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "नितळ."

पोरं जागच्या जागी थांबली. टबातलं पाणी हलायचं थांबलं. सगळ्यांनी खाली पाहिलं. चादरीवर प्रत्येकाची पावलं स्वच्छ दिसत होती, बोटन्‌बोट. मी खिडकीतून बघत होतो. आणि सांगायची गोष्ट ही, की ब्रश हातात धरून बाईही पहिल्यांदाच पुतळ्यासारख्या उभ्या होत्या.

दिवे लागेपर्यंत मी चादरींवर इस्त्री फिरवत होतो. लॉजवाल्याला चिखलाचं काही कळलं नाही. 'या वेळच्या चादरी फार छान पांढऱ्या झाल्यात' असा उलट निरोप आला.

पण 'घरी बघू' राहिलंच होतं. बाई आठवडाभर त्याची वाट बघत होत्या. सोमवारी दुकानात आल्या तर चेहरा उतरलेला. मी विचारलं, "काही बोलल्या का?" "नाही." मंगळवारी, "अजून नाही." त्या स्वतः विषय काढायला जायच्या, की सूनबाईंना नेमकं मशीन तपासायचं असायचं. बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "चूक माझीच आहे रे. तिने बजावलं होतं तसं बंद केलं तर तिचं काही चुकणार नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. मी कॉलरीवर पाणी मारत राहिलो.

रविवारी पोरं नेहमीप्रमाणे मागच्या दाराशी जमली. बाई खुर्चीवर बसून होत्या. ट्रंक त्यांनी उघडली नव्हती. मग सूनबाई आतून आल्या, त्यांनी ट्रंक उघडली, पोरांना शर्ट वाटले, आणि तळातून कुण्या धिप्पाड माणसाचा रेघांचा शर्ट काढून स्वतःच्या कपड्यांवर चढवला. बाह्या दुमडता दुमडता म्हणाल्या, "उठा, आई. आज बांध मोडेपर्यंत मी तिथून हलणार नाही."

बाई उठल्या. मी इस्त्रीची वायर काढून ठेवली, म्हटलं, जरा पाय मोकळे करून येऊ. ओढ्यावर सूनबाई 'गढूळ-नितळ'मध्ये दोनदा हरल्या. गवताच्या चढावर लेकीच्या मागे पळताना घसरून पडल्या, आणि पडल्या जागी इतक्या हसल्या, की मी त्यांना तसं हसताना दुकानात कधी पाहिलं नव्हतं. बांध त्यांनी सगळ्यांबरोबर मोडला.

सोमवारी बाई घरचे कपडे निवडत होत्या. एक पँट त्यांनी उजेडात धरली. गुडघ्यावर तळहाताएवढा हिरवा डाग होता. सूनबाई समोर चिठ्ठ्या लावत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. बाईंनी त्या डागावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"कशाचा आहे, आई?" सूनबाईंनी मान खाली ठेवूनच विचारलं.

"गवताचा," बाई म्हणाल्या. आणि ती पँट त्यांनी धुवायच्या ढिगात टाकली नाही, मांडीवर घेऊन बराच वेळ तशाच बसून राहिल्या.